निळू फुले : पडद्यावरचा पाटील आणि पडद्यामागचा माळी



आज आपण ज्येष्ठ अभिनेते निळू फुले यांच्याविषयी माहिती घेणार आहोत. तुम्ही म्हणाल, यांच्याविषयी नवीन काय सांगणार? नाव तर लहान पोरालाही माहीत आहे. खरं आहे, पण कसं माहीत आहे ते बघा. मोबाइलवर एक चित्र फिरतं. डोक्यावर टोपी, डोळे तिरके, ओठावर अर्धवट हसू आणि खाली लिहिलेलं, 'बाई, वाड्यावर या.' जवळपास २५० मराठी-हिंदी चित्रपट, गाजलेली नाटकं, लोकनाट्यं आणि आयुष्यभराची सामाजिक कामं, एवढ्या सगळ्याचं शेवटी या तीन शब्दांचं स्टिकर झालं.

निळू फुले म्हणजे नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म १९३० च्या आसपासचा, पुण्यातला. घरची परिस्थिती अगदी बेताची. शिक्षण फार झालं नाही, आणि तरुणपणीच पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी म्हणून कामाला लागले. हो, माळी! रोपं लावायची, आळी करायची, पाणी घालायचं. पगार होता महिना ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा रुपये ते दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला देत. आपली स्वतःची रोपवाटिका असावी असं त्यांना फार वाटायचं. भांडवल नव्हतं म्हणून ते राहून गेलं.

आठवा हिस्सा पगार देणारा माळी. हे मी वर्गात गणितालाच जोडतो. ऐंशीतले दहा म्हणजे शेकडा किती? पोरं लगेच साडेबारा टक्के काढतात. मग विचारतो, तुझ्या वडिलांच्या हजेरीतून एवढे काढले तर घरात काय काय कमी पडेल? मग वर्ग जरा गप्प होतो.

त्यांना नट म्हणून घडवलं ते सेवा दलाच्या कलापथकानं. कलापथक म्हणजे काय हे आजच्या पालकांनाही सांगावं लागतं. गावोगाव जायचं, देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात उभं राहायचं, ढोलकीच्या साथीनं वगनाट्य करायचं आणि हसवता हसवता अंधश्रद्धा, जातिभेद, पुढाऱ्यांची ढोंगं यांवर बोलायचं. पडदा नाही, दिवे नाहीत, माईक असला तर असला. समोरचा माणूस दिवसभर रानात राबून आलेला. त्याला तुमचं बोलणं पटलं नाही तर तो सरळ उठून जातो. निळूभाऊंच्या अभिनयात पुढं जी सहजता दिसली तिची तालीम इथं झाली, असं मला वाटतं. बीएड-डीएडला आपल्याला सूक्ष्म अध्यापनाचे पाठ असतात ना, त्यापेक्षा कठीण परीक्षा ही!

'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे त्यांचं सुरुवातीचं लोकनाट्य. पण नाव झालं ते शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्यानं. त्यातूनच चित्रपटाचं दार उघडलं. अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या १९६८ च्या चित्रपटात त्यांनी झेलेअण्णा रंगवला आणि मराठी सिनेमाला एक नवा खलनायक मिळाला.

नवा का? त्याआधी आणि नंतरही आपल्याकडं खलनायक म्हटलं की मोठा आवाज, मोठ्या मिशा, गडगडाटी हास्य. निळू फुल्यांचा खलनायक ओरडत नाही. त्यांचा आवाज मुळातच घोगरा. तो आणखी खाली आणायचे, शब्द जरा लांबवायचे, मध्येच थांबायचे. समोरच्याकडं सरळ न बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. माणूस सोफ्यावर बसलाय, पान खातोय, दोन शब्द बोलतोय, बस्स. पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण खरी सत्ता अशीच असते हे खेड्यातल्या माणसाला पक्कं माहीत असतं. ज्याच्या हातात सगळं आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही. 'काय रं, बरं हाय ना?' एवढं विचारलं तरी समोरच्याला घाम फुटतो.

हे त्यांनी इतकं खरं केलं की बायाबापड्या त्यांना खरोखरच वाईट माणूस समजायच्या. गावात शूटिंगला गेले की बायका त्यांना शिव्या घालायच्या, दूर सरकायच्या, असे किस्से जुनी माणसं सांगतात. नटाला याहून मोठी पावती कोणती? तरी माणूस म्हणून त्यांना ते किती लागत असेल, हेही मनात येतंच.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. आमच्या शाळेत मागच्या वर्षी मोठ्या वर्गातल्या काही मुलांनी पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या मुलींना तोच घोगरा आवाज काढून 'वाड्यावर या' म्हटलं. एक मुलगी रडत बाईंकडं आली. मुलांना विचारलं तर म्हणे, "सर, ते निळू फुलेचं हाय. गंमत केली." मुलांना रागावणं सोपं होतं, आणि रागावलोही. पण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं की पडद्यावरचा तो पाटील हसण्यासाठी नव्हता. वाड्यावर बोलावणं ही धमकी आहे. ज्या बाईला नाही म्हणायची सोय नाही, तिला दिलेली. निळू फुल्यांनी ती भीती दाखवली, लोकांना त्या पाटलाची चीड यावी म्हणून. आणि आपण मोबाइलवर त्या धमकीचा विनोद केला, तोही त्यांच्याच तोंडी घालून. नट आणि पात्र यांतला फरक, तसंच वाईट गोष्ट दाखवणं आणि वाईट गोष्टीची भलामण करणं यांतला फरक, हे सहावीच्या पोराला समजतं. समजावून सांगायला मात्र पाहिजे.

यासाठी पालकांनी स्वतः बघावा असा चित्रपट म्हणजे 'सामना'. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं. निर्माते रामदास फुटाणे, म्हणजे आपल्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडचे. आणि शिक्षकांसाठी खास गोष्ट, फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक होते! एका चित्रकला शिक्षकाच्या डोक्यात आलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेत होता. आपल्या भागात काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

'सामना'मध्ये निळू फुले आहेत हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना, सोसायटी, गावातली प्रत्येक संस्था त्यांच्या मुठीत. गावात एक अनोळखी, दारूच्या आहारी गेलेला म्हातारा येतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. हिंदुराव या मास्तरला हाकलत नाही. वाड्यावर ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, आपला कारभार कौतुकानं दाखवतो. माणसाला विकत घेण्याची ही पद्धत बघा, मारझोड नाही, पाहुणचार! पण मास्तरच्या कानावर एक नाव येतं आणि तो विचारू लागतो, मारुती कांबळेचं काय झालं? मारुती कांबळे म्हणजे सैन्यातून परत आलेला, हिंदुरावाला न जुमानणारा माणूस. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची आहे. तो एक प्रश्न हिंदुरावाच्या सगळ्या साम्राज्याला पुरून उरतो. आजही महाराष्ट्रात कुठं एखादं प्रकरण दाबलं गेलं की लोक हाच प्रश्न विचारतात, चित्रपट न पाहिलेलेसुद्धा.

निळू फुल्यांची कमाल अशी की हिंदुराव नुसता राक्षस वाटत नाही. त्यानं खरोखर गाव उभं केलंय, कारखाना आणलाय, त्याला त्याचा अभिमान आहे. कधी कधी तर तो आवडूही लागतो. आणि तिथंच बघणारा सावध होतो, अरे, आपल्यालाही हा विकत घेतोय की काय!

आपल्या बीड जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावांतून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. हजेरीपटावरची नावं तीच राहतात आणि बाकं रिकामी होतात. हंगामी वसतिगृह असेल आणि आजी-आजोबा घरी असतील तर मूल मागं राहतं, नाहीतर फडावर जातं. म्हणून 'सामना'तला कारखाना आपल्या लोकांना दुसऱ्या बाजूनं माहीत आहे. चिमणीच्या बाजूनं नाही, फडाच्या बाजूनं. मारुती कांबळेचा प्रश्न आपल्याकडं कोणकोणत्या नावांनी विचारता येईल, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

निळू फुले एकाच साच्यात अडकले असं म्हणणाऱ्यांना 'सिंहासन' दाखवावा. १९७९ चा हा चित्रपट अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला. दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू. निळू फुले मात्र राजकारणी नाहीत! ते आहेत दिगू टिपणीस, पत्रकार. सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि काहीच बदलू न शकणारा साधा माणूस. पाच वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्यानं गावाला धाक घातला, त्याच चेहऱ्यावर इथं केवढी अगतिकता आहे. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघितले तर अभिनय म्हणजे काय यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

रंगभूमीवर तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम त्यांनी केला. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं, साल १९७२. नाटकावर बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि सारंग जिंकले. हे नाटक अर्थातच मुलांसाठी नाही. हिंदीतही त्यांनी कामं केली. अमिताभ बच्चन यांच्यासोबत 'कुली', महेश भट्ट यांचा 'सारांश'. 'सारांश'मधला पुढारी बघताना मला तरी हिंदी सिनेमात आपला झेलेअण्णाच शिरल्यासारखा वाटला. 'हात लावीन तिथं सोनं', 'सामना', 'चोरीचा मामला' यांतल्या कामांसाठी राज्य शासनाचे पुरस्कार, आणि १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एवढी यादी पुरे.

मला जास्त सांगावंसं वाटतं ते या पुढचं. दहा रुपये देणारा माळी प्रसिद्ध झाल्यावरही तसाच राहिला. कार्यकर्त्यांना, म्हणजे जी माणसं नोकरीधंदा सोडून समाजासाठी पूर्णवेळ काम करतात त्यांना, महिन्याचं घर चालवण्यापुरतं मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. लागू, निळू फुले, तनुजा, सदाशिव अमरापूरकर अशा बड्या कलाकारांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. आलेले पैसे निधीला. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या कामांशी निळूभाऊ जोडलेले होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर ते उभे राहत, तेव्हा पडद्यावरचा खलनायक ऐकायला म्हणून गर्दी जमायची आणि तिला विवेकाचं बोलणं ऐकायला मिळायचं. बदनाम चेहऱ्याचा हा उपयोग त्यांनी बरोबर करून घेतला!

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगानं त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी आलेला 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा त्यांच्या अगदी शेवटच्या चित्रपटांपैकी एक. मकरंद अनासपुरे त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत आहेत आणि विषय आहे शेतकरी आत्महत्येचा.

वर्गात हा विषय घ्यायचा तर काही सूचना. अख्खा 'सामना' मुलांना दाखवू नका, त्यात दारू आहे, हिंसा आहे, तो मोठ्यांचा चित्रपट आहे. त्याऐवजी एकच वाक्य फळ्यावर लिहा, 'तू उद्या माझ्या घरी ये.' ते आजीच्या आवाजात, मित्राच्या आवाजात, मुख्याध्यापकांच्या आवाजात आणि मुकादमाच्या आवाजात म्हणायला लावा. शब्द तेच, पण ऐकणाऱ्याला केव्हा आनंद होतो आणि केव्हा भीती वाटते ते वहीत लिहायला सांगा. मुलींना आधी बोलू द्या. आमच्याकडं चौथीच्या एका मुलीनं मुकादमाचं वाक्य इतक्या हळू आवाजात म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं पुढं सरकून ऐकू लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती दरवर्षी चार महिने फडावर असते.