हार्डकोअर रेव्ह : एका रात्रीची हकीकत



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून एका वयोवृद्ध स्नेह्यांनी मला वाटेत थांबवून विचारले, "हे रेव्ह म्हणजे पोलीस धाड घालतात तेच ना?" त्यांचा नातू हॉलंडात डेल्फ्ट येथे शिकतो. शेजारच्या रॉटरडॅममध्ये मित्रांबरोबर अशा एका रात्रीला जाणार असल्याचे त्याने घरी कळविले होते. तेव्हा त्यांचा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता, काळजीचा होता. आपल्यापैकीही अनेकांची मुले परदेशी आहेत. म्हणून हा प्रकार आहे तरी काय, ते नीट पाहू.

या नृत्यसंगीताचे मूळ अमेरिकेत शिकागो आणि डेट्रॉइट या शहरांत. १९८८ च्या उन्हाळ्यात त्याची लाट ब्रिटनवर आली आणि तरुण मंडळी रिकाम्या गोदामांत व उघड्या माळांवर रात्रभर नाचू लागली. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथे वीस हजारांहून अधिक माणसे जमली. ते प्रकरण कित्येक दिवस चालले आणि सरकारची झोप उडाली. १९९४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि त्यात संगीताची व्याख्या करताना, लागोपाठ पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांचे ध्वनीही त्यात धरले. या व्याख्येत आपले ढोलताशाचे पथक बसते की नाही, हे वकील मंडळींनी ठरवावे!

हा बडगा परवाना नसलेल्या उघड्यावरच्या मेळाव्यांसाठी होता. माळावरचा नाच परवाना असलेल्या मोठमोठ्या नाइटक्लबांत शिरू लागला होताच. आता त्याला तेवढीच वाट उरली. मिल्टन कीन्स येथील 'द सँक्च्युअरी' हे त्यांपैकी फार गाजलेले. २००४ साली ते बंद झाले. तिकडे रॉटरडॅममध्ये याच संगीताने अधिक उग्र रूप घेतले. १९९२ साली पॉल एल्स्टाक यांनी 'रॉटरडॅम रेकॉर्ड्‌स' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'थंडरडोम' या नावाच्या प्रचंड मेळाव्यांना आरंभ झाला. या संगीताला तिकडे 'गॅबर' म्हणतात. शब्द आला यिडिश भाषेतून, आणि अर्थ काय, तर दोस्त! संगीत ऐकून हा अर्थ कुणाला सुचणार नाही.

आता प्रत्यक्ष दालनात जाऊ. दाराशी अंगझडती होते. आत गेल्यावर प्रथम काही दिसत नाही. धूर आणि त्यातून फिरणारे लेसरचे पट्टे. मग लक्षात येते की कुणी जोडीने नाचत नाही. सारे एकाच दिशेला तोंड करून, पाय झपाझप पुढे टाकीत नाचत असतात. समोर गायक नाही, वादक नाही. एक मनुष्य दोन तबकड्यांवर वाकून उभा. हाच डीजे.

तो नुसत्या तबकड्या लावतो, असे समजू नये. एक तबकडी मिनिटाला १७० ठोक्यांची आणि दुसरी १७५ ची असेल, तर दोन्ही एकदम लावल्यास ठोके एकमेकांवर आपटतील. तबकडीयंत्राला गती सुमारे आठ टक्के कमीजास्त करण्याची पट्टी असते. पहिली तबकडी सुरू असतानाच तो कानाला फोन लावून दुसरी ऐकतो, तिची गती तीन टक्क्यांच्या आत-बाहेर उतरवितो आणि ठोक्याला ठोका जुळला की मग ती लोकांना ऐकवितो. आपला तबलजी गायकाच्या लयीशी जे करतो, तेच हा दोन यंत्रांशी करतो. त्यामुळे रात्रभर सम सुटत नाही.

आणि तो ठोका! विसावलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सत्तरेक वेळा धडधडते. येथे ठोके १६० ते १९०. त्यांचा जन्म बहुधा 'रोलंड टीआर-९०९' या जपानी यंत्रात झालेला. त्याचा ढोल मूळचा मऊ, गोल. या लोकांनी तो यंत्रांच्या सहनशक्तीपलीकडे चढविला. त्यामुळे ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो, तिच्यात नवे वरचे स्वर उत्पन्न होतात आणि ढोल गुरगुरू लागतो. तो कानाने ऐकण्याआधी छातीला लागतो. मला हे संगीत आवडले असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याने रात्रभराचे जागरण-गोंधळ पाहिले आहे, त्याला त्या गर्दीची तंद्री अगदीच परकी वाटणार नाही.

मात्र कानाचा हिशेब कठोर आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे! आणि रात्र तर पहाटे सहापर्यंत असते.

याहून गंभीर गोष्ट गोळीची. एमडीएमए हे द्रव्य जर्मनीतील मेर्क कंपनीत १९१२ साली प्रथम तयार झाले. हॉलंडातही ते बेकायदाच आहे. ते थकवा जाणवू देत नाही आणि शरीराचे तापमान चढविते. त्यात कोंदट दालन, त्यात सतत नाच. प्रारंभीच्या वर्षांत ब्रिटनमध्ये तरुण मेले ते बहुधा या उष्णतेने. आणि अशा वेळी काही क्लबचालकांनी थंड पाण्याचे नळ बंद केले होते, कशासाठी, तर बाटल्या खपाव्यात म्हणून! मँचेस्टरच्या महापालिकेने त्या काळात नियम घातले की, पाणी फुकट हवे, हवा खेळती हवी, विसाव्याला थंड खोली हवी.

मग "पाणी प्या" हा उपदेश सर्वत्र झाला, आणि अर्ध्या माहितीने नवा घात केला. १९९५ साली एसेक्समधील एक अठरा वर्षांची मुलगी गोळी घेतल्यावर दीड तासात सुमारे सात लिटर पाणी प्यायली आणि दगावली. ती तर क्लबात नव्हती, घरीच होती. हे द्रव्य मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकू देत नाही. रक्तातील सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येते. म्हणून पुढे प्रमाण सांगण्यात आले. नाचत असल्यास तासाला सुमारे अर्धा लिटर, तेही घोट घोट. इंग्लंड व वेल्समध्ये २०१० पासून मद्यपरवाना असलेल्या जागी मागेल त्याला नळाचे पाणी फुकट देणे बंधनकारक झाले. एका पेल्यासाठी वीस वर्षे गेली.

त्या स्नेह्यांना मी सांगितले की, नातवाला जाऊ द्या. बंदी घातलीत तर तो जाईलच, फक्त तुम्हांला कळविणार नाही. मात्र त्याला लिहा की, कानांत चांगले बोळे घाल, दर तासाला बाहेरच्या खोलीत बस, कुणाची गोळी घेऊ नकोस. आणि सोबत्याने घेतली असेल व त्याचे अंग तापले किंवा तो बरळू लागला, तर पोलिसांच्या भयाने गप्प न बसता तेथल्या प्रथमोपचारवाल्यांना तत्काळ बोलाव. गृहस्थांनी हे सारे कागदावर उतरवून घेतले, आणि जाता जाता विचारले, "बोळे कापसाचे चालतील का?" चालत नाहीत. कापसाने आवाज फारसा अडत नाही, फोमचे हवेत.