उन्हात वाचता येणारं यंत्र आलंच नाही

मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या जानेफळात वाचनाची साधनं गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बदलली, पण उलट्या क्रमाने. इथल्या उन्हाला, विजेच्या लहरीला आणि म्हाताऱ्या डोळ्यांना सगळ्यात जास्त मानवलं असतं ते ई-रीडर नावाचं यंत्र गावात रुजलंच नाही. डोळ्यांना सगळ्यात जड पडणारा मोबाईल घरोघर आला. टॅब आला तो बहुतेक परीक्षेच्या निमित्ताने. छापील पुस्तक या सगळ्यात कुठे टिकलं आणि कुठून हटलं, हे नीट पाहायला हवं, कारण शहरात बसून लिहिलेल्या तुलनांमध्ये आमच्यासारखं गाव नसतं.

2010 च्या आसपासचे दिवस आठवा. लोडशेडिंग होतं. संध्याकाळी लाईन गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसे. नवं पुस्तक हवं असेल तर खामगावला किंवा अकोल्याला जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. अमडापूर इथून फार लांब नाही. तिथले सदानंद देशमुख यांना ‘बारोमास’साठी 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरीत आपल्याच वावरातलं दुःख होतं, आणि तरीही ती हाती पडायला वाट पाहावी लागायची. पुस्तक एकदा आलं की मात्र चार-पाच घरं फिरायचं.

अ‍ॅमेझॉनचं किंडल हे ई-रीडर अमेरिकेत 2007 च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि भारतातल्या दुकानांत 2012 च्या ऑगस्टमध्ये. त्याचा पडदा हीच त्याची खरी करामत. आत सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात. विजेने ते वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. पान बदलतानाच काय ती वीज लागते, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. कागदासारखाच हा पडदा बाहेरच्या उजेडावर वाचायचा. ऊन जितकं लख्ख, तितकं अक्षर स्पष्ट. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली बसलेल्या माणसासाठी याहून सोयीचं काय असणार? मोबाईल आणि टॅबचा पडदा स्वतःच्या प्रकाशावर चालतो, त्यामुळे उन्हात हाताचा आडोसा धरून, डोळे बारीक करून वाचावं लागतं.

पण हे यंत्र मराठीत मुकं होतं. किंडलच्या ऑनलाइन दुकानात मराठी पुस्तकं आली ती 2016 च्या डिसेंबरात. उशिराचं एक मोठं कारण आपल्या छपाईत होतं. प्रकाशकांची पानं वर्षानुवर्षं श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली होती. तो फॉन्ट काढून घेतला की मागे निरर्थक चिन्हांचा ढीग उरतो. पुस्तक युनिकोडमध्ये आणायचं म्हणजे रूपांतर करून पुन्हा पहिल्या पानापासून मुद्रितशोधन करायचं, आणि तो खर्च पाचशे-हजार प्रतींच्या धंद्याला परवडत नव्हता. म्हणून सोपा मार्ग निघाला: पीडीएफ. ई साहित्य प्रतिष्ठानने अशी कितीतरी मराठी पुस्तकं फुकट वाटली आणि त्या कामाचं मोल मला फार वाटतं. मात्र सहा इंची ई-रीडरवर पीडीएफचं पान मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतं. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते. डावीकडून उजवीकडे सरकवायचं, पुन्हा मागे यायचं, तोवर कुठली ओळ चालू होती तेच सुटतं. दोन पानांत माणूस कंटाळतो.

त्याच 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं. म्हणजे मराठी पुस्तकं किंडलवर पोचली तेव्हा स्वस्त डेटाचा मोबाईल तीन महिने आधीच खिशात जाऊन बसला होता. मग वाचनासाठी वेगळं यंत्र विकत घेणार कोण? वाचन मोबाईलमध्ये गेलं, आणि तिथे ते व्हिडिओच्या शेजारी येऊन बसलं. या शेजाराने वाचनाचं जितकं नुकसान केलं तितकं पडद्याच्या प्रकाशानेही केलं नसेल.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ होत्या, वर्तमानपत्रंही व्हॉट्सॅपवर येऊ लागली. पण घरात मोबाईल एक, तो वडिलांबरोबर वावरात जायचा आणि लेकरांचा अभ्यास रात्रीवर ढकलला जायचा. त्या काळात छापील पाठ्यपुस्तक ज्याच्या हातात होतं, त्याला निदान कुणाची वाट पाहावी लागली नाही. पुढे राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी डेटासह टॅब दिले. ही योजना मोलाची आहे. लातूर किंवा कोट्याला राहण्याची ऐपत नसलेल्या घरात शिकवणी आली. मोठ्या पडद्यामुळे पीडीएफ पहिल्यांदा नीट वाचता आली, आकृत्या दिसल्या.

तरी पोरं काय करतात ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाहा. टॅबवरच्या नोट्स छापून घेतात, स्पायरल बाईंडिंग करतात आणि त्यावर पेनाने खुणा करत बसतात. पोलीस भरतीवालेही तेच करतात. याला जुन्या सवयीचा हट्ट म्हणून उडवून लावू नये. 2018 मध्ये स्पेनच्या पाब्लो डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी 54 अभ्यास एकत्र करून पाहिले. माहितीपर मजकूर समजण्यात कागद पुढे होता आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढत होता. कथा-गोष्टींच्या वाचनात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे अभ्यास कागदावर करावा आणि कादंबरी खुशाल पडद्यावर वाचावी. आपल्याकडे मुलांना अभ्यास पडद्यावर मिळाला, आणि कादंबरी मिळालीच नाही.

कागदाची पकड सर्वांत घट्ट आहे ती पोथीत. शेगाव आपल्याच जिल्ह्यात. दासगणूंच्या ‘गजानन विजय’चे 21 अध्याय घरोघर वाचले जातात. मोबाईलवर ही पोथी आहे, ऑडिओही आहे, तरी पारायणाला पाटावर ठेवतात ती छापील प्रतच. हळदीकुंकवाचे डाग पडलेली, पहिलं पान निसटलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. इथे कागद बदला असं मी कधीच म्हणणार नाही. पण मोतीबिंदू झालेल्या आजीला त्यातली ओवी दिसत नाही हेही खरं, आणि ई-रीडरवर तीच ओवी बोटभर अक्षरात दिसू शकते.

छापलेलं टिकतंच, हाही भाबडेपणा आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये पुण्यात छापलं गेलं आणि पुढे जवळजवळ नाहीसं झालं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं म्हणून वाचलं. उलट बाजूला, 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली होती. विकत घेतलेलं पुस्तक आपल्या घरातून कुणी असं उचलून नेऊ शकत नाही. आणि ते शेजाऱ्याला देता येतं, ही गावाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट आहे. खात्यावर घेतलेलं ई-पुस्तक तसं सहज देता येत नाही.

म्हणून मला वाटतं, ई-रीडर घराने घ्यायची वस्तूच नाही, ती वाचनालयाने घ्यावी. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे 1967 पासून आहे आणि अ-ब-क-ड वर्गांची ग्रंथालयं गावोगाव पसरलेली आहेत. अशा ग्रंथालयाने दोन-तीन ई-रीडर घेऊन सभासदाला पुस्तकासारखे पंधरा दिवसांसाठी द्यावेत. त्यात हक्कमुक्त मराठी पुस्तकं, नीट युनिकोडमध्ये, भरून ठेवावीत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजींचं लेखन 2011 पासून मोकळं आहे. दासगणू 1962 मध्ये गेले, म्हणजे ‘गजानन विजय’ 2023 पासून मोकळं. ताराबाई, हरिभाऊ आपटे तर केव्हाचेच.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे मात्र 2000 मध्ये गेले. त्यांची ‘शीळ’ ही कविता गावागावांत पोचली ती 1930 च्या दशकातल्या ग्रामोफोनच्या तबकडीवरून, जी. एन. जोशींच्या आवाजात; त्याच नावाचा संग्रह छापला गेला 1954 मध्ये. तो मोकळा व्हायला 2061 उजाडेल. तोवर त्याची छापील प्रत तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयाने विकत घेऊन ठेवली पाहिजे.