काय कापायचं, काय ठेवायचं

व्लॉगर पाणंदीतून एकटाच दूर चालत जाताना दिसतो. नंतर कॅमेरा उचलायला तो परत येतो, ते कुणाला दिसत नाही. मालवणजवळच्या एका गावात, गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या एका तरुणाचं चित्रीकरण दिवसभर पाहिलं तेव्हा हे ध्यानात आलं. ट्रायपॉड गडग्यावर टेकवायचा, वळणापर्यंत जायचं, मागे यायचं, फुटेज तपासायचं, विजेची तार मध्ये आली असेल तर पुन्हा चालायचं.

बोलताना तो स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत नाही, लेन्समध्ये बघतो. नजर जराशी घसरली तरी पाहणाऱ्याला ती कळते. सुरुवात ‘मंडळी’ अशी, पण पुढचा प्रश्न एकट्यादुकट्याला विचारावा तसा: ‘तुमच्याकडे नैवेद्याला काय असतं?’ रेडिओ-टीव्हीच्या निवेदकांशी प्रेक्षकांची अशी एकतर्फी, तरीही समोरासमोरची वाटणारी ओळख जमते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 सालीच मांडलं होतं.

तो खळ्यात शिरला तशी आजी पडवीतून धावत आली. “इलस रे?” म्हणत तिने त्याचे गाल कुरवाळले. कॅमेरा हलला, अर्धी फ्रेम काळी झाली. त्याने आजीला पुन्हा पडवीत उभं केलं आणि स्वतः बेड्यापासून परत चालत आला. या खेपेला उजेड छान, फ्रेम स्थिर. आजी मात्र लेन्सकडे बघत “या, या” म्हणाली. रात्री मोबाइलवर संकलन करताना त्याने श्वास कापले, ‘म्हणजे’ कापले, रेंगाळलेली वाक्यं कापली. आजीचा मात्र पहिला, हललेला टेक ठेवला.

पुन्हा चालणं किंवा पुन्हा टेक घेणं मला फसवणूक वाटत नाही. 2006 साली यूट्यूबवर ‘लोनलीगर्ल15’ या नावाने ब्री ही मुलगी आपल्या खोलीतून मनातलं बोलायची. ती जेसिका रोज ही अभिनेत्री असल्याचं सप्टेंबरात उघड झालं. साधी खोली, जवळचा कॅमेरा, ही तंत्रं तिचीही होती. पण ब्री नावाचं माणूसच नव्हतं. इथे आजी आहे, आणि व्हिडिओ टाकण्याआधी तो तिला दाखवावा लागतो. मोदक वळताना ती दुखऱ्या गुडघ्यांबद्दल बोलली होती. त्याच्या मते व्हिडिओतला सर्वांत खरा भाग तोच होता.

“ता काढून टाक,” आजी म्हणाली. त्याने थोडी हुज्जत घातली, मग कापला.