घरी शिवलेली पिशवी, सव्वातीन हजार किलोमीटरची वाट

डोंगरवाटा तुडवायच्या म्हटले की दुकानदार महागडी सॅक, तंबू नि बूट पुढे करतात. आम्हा पगारदारांचा हिशेब तिथेच कोलमडतो. अशा वेळी आम्हांला एम्मा गेटवूड आजी आठवतात.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या या शेतकरी बाई, अकरा मुलांच्या आई. नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षे सोसून अखेर त्यांनी घटस्फोट घेतला. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी त्या ॲपलेशियन ट्रेलवर एकट्या निघाल्या. जॉर्जियापासून मेनपर्यंतची ही वाट सव्वातीन हजार किलोमीटरहून लांब! खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पायांत साधे कॅनव्हासचे बूट. तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा, पांघरायला एक घोंगडी. बुटांचे अनेक जोड झिजले, पण आजी थांबल्या नाहीत. सप्टेंबरात त्या माउंट कटाडिनच्या माथ्यावर पोहोचल्या. ही वाट एकाच हंगामात एकटीने पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे १९५७ साली त्यांनी ती पुन्हा पूर्ण केली.

बंधू-भगिनींनो, चांगले सामान थंडी-पावसात जीव वाचवते, हे खरेच. पण ते नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी घरी बसू नका. भाजी-भाकरी, पाणी नि घरचीच पिशवी घ्या. मुलींनाही सोबत न्या. जवळचा डोंगर तिकीट मागत नाही.