बारा जागांचा हिशेब

सरकारी भरतीची जाहिरात आली की आपल्या अनेक घरांत एकच वाक्य ऐकू येते: "आपल्या मुलांना कोण घेतंय?" या वाक्यात थोडे सत्य आहे आणि पुष्कळ निराशा आहे. आम्हा शिक्षकांना ते रोज ऐकावे लागते. म्हणून सरकारी नोकरीतला वाटा कसा मिळतो, कसा टिकतो आणि कसा हातून जातो, हे एका जुन्या उदाहरणावरून पाहू या. हे उदाहरण मद्रास प्रांताचे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या प्रांतात ब्राह्मणांची संख्या शेकडा तीनच्या आसपास होती. तरी निम्म्याहून अधिक उपजिल्हाधिकारी आणि शेकडा सत्तरहून अधिक जिल्हा मुन्सफ त्याच एका समाजाचे होते. इतर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि दलित बाहेरच राहिले होते. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतातली काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. १९२० च्या निवडणुकीनंतर जस्टिस पक्षाचे सरकार आले. १९२१ मध्ये सरकारने आदेश काढला, की नोकऱ्यांमध्ये सर्व समाजांना वाटा मिळावा.

आदेश निघाला, पण भरती करणारे हात तेच राहिले. "मिळावा" म्हटले की कधी, किती आणि कोणाला, हे साहेबांच्या मर्जीवर राहते. वर्षे गेली, चित्र फारसे पालटले नाही.

मग १९२७ मध्ये 'मिळावा' या शब्दाला आकडा जोडला गेला. दर बारा जागांमागे पाच ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन मुसलमानांना, दोन ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन यांना आणि एक दलितांना, असा हिशेब ठरला. १९२८ मध्ये पी. सुब्बरायन यांच्या मंत्रिमंडळात एस. मुथय्या मुदलियार मंत्री झाले. त्यांनी नोंदणी खात्यात हा नियम अमलात आणला. दुसऱ्या खात्यांना उपदेश करण्याआधी त्यांनी आपल्या अखत्यारीतल्या खात्यात करून दाखवले. पुढे इतर खात्यांनाही तो लागू झाला. पेरियार यांनी या मंत्र्याची जाहीर वाखाणणी केली.

आज आपल्याकडे शाळेत किंवा कार्यालयात जिला 'बिंदुनामावली' म्हणतात, तिचाच हा पूर्वज. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे आधीच कागदावर ठरलेले असले, की अधिकाऱ्याची मर्जी मागे पडते आणि नियम पुढे येतो.

त्याच काळात, १९२९ मध्ये, मद्रासच्या विधिमंडळाने कायदा करून प्रांताचा सेवा आयोग स्थापन केला. भारतातला हा पहिला प्रांतिक आयोग. अध्यक्ष धरून तीन सदस्य होते. म्हणजे वाटा ठरवणारा नियम आणि निवड करणारी स्वतंत्र संस्था, दोन्ही एकाच सुमारास उभ्या राहिल्या. आपल्या मुंबई प्रांतात असा आयोग १९३७ मध्ये आला.

आता यातला कडू भाग. १९४७ मध्ये मद्रास सरकारने हिशेब बदलला. बाराऐवजी चौदा जागांचा गट केला. त्यात मुसलमानांना एक जागा उरली. १९५० मध्ये राज्यघटना लागू झाली आणि ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. चंपकम दोरायराजन खटला महाविद्यालयातल्या प्रवेशाचा होता. दुसरा, वेंकटरमण खटला, थेट भरतीचा होता. जिल्हा मुन्सफांच्या ८३ जागांपैकी ५ मुसलमानांसाठी ठेवल्या होत्या. न्यायालयाने हरिजन आणि मागास हिंदूंच्या राखीव जागा मान्य केल्या, बाकीची समाजवार वाटणी घटनाबाह्य ठरवली. धर्माच्या नावावर मिळालेला वाटा संपला.

तो पुन्हा मिळाला तो दुसऱ्या दाराने. तमिळनाडूने मुसलमानांमधल्या लब्बई, दुदेकुला, दख्खनी अशा गटांना मागास म्हणून मोजले आणि २००७ मध्ये कायदा करून इतर मागासांच्या वाट्यातून त्यांना ३.५ टक्के वेगळे दिले. आधार धर्माचा नव्हता, मागासलेपणाचा होता. आणि तो नुसता आदेश नव्हता, विधानसभेने केलेला कायदा होता.

महाराष्ट्रात काय झाले ते आपण पाहिले आहे. जुलै २०१४ मध्ये मुसलमानांमधल्या मागास गटांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातले मात्र चालू ठेवू दिले. पण अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि मुदत संपताच तो रद्द झाला. न्यायालयात टिकलेला भागही विधानसभेत हरला. कायदा करणाऱ्याचे काम किती मोलाचे असते, हे यावरून कळावे. मत मागायला येणाऱ्याला गटार आणि रस्त्याबरोबर हाही प्रश्न विचारायला हवा.

पण सगळे सरकारवर ढकलूनही भागणार नाही. आपल्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, खाटीक असे मुसलमान व्यवसायगट आजही आहेत. तो हक आजही हाताशी आहे. अडते कुठे? पुराव्याला. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर पुष्कळदा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू होते आणि अर्जाची मुदत निघून जाते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. घरातले जुने दाखले, खरेदीखते, जन्ममृत्यूच्या नोंदी आजच शोधून ठेवा. मूल दहावीत असतानाच जातीचा दाखला काढा, मग पडताळणी, मग नॉन-क्रिमिलेअर. यादीत आपला गट नसेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आहेत. तेही प्रमाणपत्राशिवाय मिळत नाहीत. मुलींचे कागद मुलांच्या बरोबरीने काढा, लग्नानंतर ते जमवणे अवघड जाते. आणि पहिलीत नाव घालताना धर्मापुढे बिरादरीचे खरे नावही लिहून घ्या. नातवंडांना त्याच नोंदीचा पुरावा लागणार आहे.