गंज बॉयलरच्या नळीचं आयुष्य कसं खातो

माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेला नागपूरकडून रेल्वेने निघालं, की दरेकसा येण्याआधी तिरोडा लागतं. गोंदिया जिल्ह्यातला मोठा औष्णिक वीज प्रकल्प इथला: 660 मेगावॅटचे पाच संच, तेही सुपरक्रिटिकल. अशा संचात सुपरहीटरमधून, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांमधून, निघणारी वाफ साधारण 570 अंश सेल्सियसची असते आणि तिचा दाब हवेच्या दाबाच्या दोनशेपटींहून जास्त. विदर्भात 'ट्यूब लीकेजमुळे संच बंद' ही बातमी काही नवी नाही. लीकेजची कारणं बरीच असतात. त्यातलं सर्वांत संथ कारण म्हणजे क्रीप.

थंड पोलादावर भार टाकला तर ते किंचित ताणतं आणि थांबतं. साडेचारशे अंशांच्या पुढे मात्र ते थांबत नाही. भार तोच राहिला तरी वर्षानुवर्षं रेसभर ताणत राहतं; हेच क्रीप. धातूच्या कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि शेवटी तडा जातो. हे किती वर्षांनी होईल, ते ताण आणि तापमान या दोहोंवर ठरतं. गंज या दोन्हींना हात घालतो.

ताणाचं गणित सोपं आहे. कोळशाच्या राखेतले सोडियम-पोटॅशियमचे क्षार नळीवर वितळून बसतात आणि बाहेरून धातू खातात. आपल्या कोळशात गंधक कमी, पण राख भरपूर. त्यामुळे घासणंही सोबतीला असतंच. 8 मिलिमीटरची भिंत 6 वर आली, की ताण साधारण एक तृतीयांशाने वाढतो. क्रीपचा वेग मात्र ताणाच्या चौथ्या-पाचव्या घाताने चढतो, म्हणजे तिप्पट-चौपट होतो.

आतली गोष्ट जास्त फसवी. इतक्या तापलेल्या वाफेत लोखंडावर मॅग्नेटाइटचा काळा थर चढतो. नळीला बाहेरून आच लागते आणि आतली वाफच तिला निववते. मध्ये हा थर आला की, क्षार धरलेल्या गिझरच्या कॉइलसारखं, उष्णता आत पोचत नाही आणि धातू तापतो. अशा पोलादाचं तापमान 10 अंशांनी वाढलं, तर आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. तापलेल्या धातूवर थर आणखी वेगाने चढतो, ते वेगळंच. संच बंद करून थंड केला की त्याच थराच्या खपल्या सुटून खालच्या वळणात साचतात, आणि पुढच्या चालूकरणात कोंडलेली नळी थोड्याच वेळात फुटू शकते.

फुटलेली नळी हातात घेतली की बरंच कळतं. ओठ पातळ, धारदार आणि तोंड माशासारखं वासलेलं असेल, तर अचानक अतितापणं. ओठ जाड, भेग लहान आणि आजूबाजूच्या काळ्या थरावर लांबीच्या दिशेने बारीक चिरा असतील, तर वर्षांचं क्रीप.

म्हणून नुसती भिंतीची जाडी मोजून 'अजून पुरेशी आहे' म्हणणं मला अपुरं वाटतं. अल्ट्रासॉनिकने आतल्या थराची जाडीही मोजता येते आणि त्यावरून नळी आजवर किती तापली याचा अंदाज बांधता येतो. भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे क्रीपच्या टप्प्यात चालणाऱ्या भागांची 1,00,000 तासांनंतर उर्वरित आयुष्यासाठी तपासणी करावी लागते. सलग चालवला, तर हा आकडा सुमारे साडेअकरा वर्षांत भरतो. तिरोड्याचे पाच संच 2012 ते 2014 या काळात सुरू झाले.