कांद्याची निद्रा आणि तिचा कारभार

चैत्र-वैशाखाच्या सुमारास निफाड-येवल्याकडे उन्हाळी कांद्याच्या माना पडू लागल्या, की आपल्या लेखी पीक तयार झाले. वनस्पतीच्या लेखी मात्र तेथून एका दीर्घ सुप्तावस्थेस आरंभ होतो, आणि तो कांदा दिवाळीपर्यंत चाळीत टिकणार की मध्येच कोंबावर जाणार, याचा निकाल बव्हंशी त्या वाळत्या पातीतच लागलेला असतो.

कांदा उभा चिरून पाहावा. मांसल पापुद्रे म्हणजे पानांचेच फुगलेले तळ, मुळांवरची टणक चकती हे आखूड खोड, आणि गाभ्यात, त्या खोडाच्या माथ्यावर, फिकट पिवळसर अंकुर. अन्न-पाण्याची त्यास ददात नाही. वाढण्याची मुभा तेवढी नाही. ती रोखून धरणाऱ्या संप्रेरकांत अ‍ॅब्सिसिक आम्ल प्रमुख होय. अमेरिकेत कापसाच्या बोंडगळीचे कारण धुंडाळणाऱ्या अ‍ॅडिकॉट यांना आणि वेल्समध्ये वृक्षांच्या निद्रिस्त कळ्या अभ्यासणाऱ्या वेअरिंग यांना स्वतंत्रपणे गवसलेले द्रव्य एकच आहे, हे १९६५ साली सिद्ध झाले. पात वाळताना वाढ रोखणारी द्रव्ये तीतून कांद्यात उतरतात. म्हणूनच पात हिरवी असताना छाटलेला कांदा लवकर फुटतो, आणि काढणीनंतर तो पातीसकट शेतात सुकवण्याची आपली जुनी वहिवाट शास्त्राच्या कसोटीसही उतरते.

पुढे चाळीत या आम्लाचा अंमल हळूहळू ओसरतो. तो क्षीण झाला, की पेशीविभाजन घडवणारे सायटोकायनिन वर येते, जिबरेलिन आणि ऑक्सिन त्यास साथ देतात, आणि मानेतून हिरवे टोक दिसण्यापूर्वीच आत बरीच हालचाल होऊन गेलेली असते. एथिलीनचे वर्तन मात्र मोठे चमत्कारिक! आंबा-केळी पिकवणारा हा वायू सतत दिला तर कोंब खुंटतो, आणि त्याचा परिणाम रोखणारे द्रव्य दिले तरीही खुंटतो.

या कारभारात तापमानाचा शब्द वजनदार आहे. शून्य अंशाजवळ कांदा निजतो, पंचवीस-तीस अंशांतही निजतो. दहा ते वीसच्या दरम्यान मात्र जागा होतो. उन्हाळ्यात आपली हवेशीर चाळ म्हणूनच पुरते, आणि शीतगृहातून काढलेला माल उबेस येताच भराभर फुटतो.

कोंब रोखण्याचा आणखी एक उपाय किरणांचा. लासलगावी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली सुरू केलेल्या प्रकल्पात गॅमा किरणांनी अंकुराची विभाजनशक्तीच नष्ट करतात. परंतु हा उपाय कांदा गाढ निद्रेत असतानाच, म्हणजे काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत करावा लागतो. भावाची वाट पाहून, आतला कोंब हलू लागल्यावर आणलेल्या मालावर तो खर्च व्यर्थ होय.